लंडनहून ट्रेनने हीथ आणि जंगलात: गाडीशिवाय पायी भटकंतीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लंडनमध्ये शिकायला किंवा नोकरीला आलेली मराठी मंडळी आणि त्यांच्याकडे राहायला आलेले आई-वडील हे प्रश्न वर्षभर विचारत असतात. बहुतेकांच्या मुळाशी एकच शंका असते: गाडी नसेल तर इथली रानं आपल्यासाठी नाहीतच का? आहेत, आणि भरपूर आहेत. कसाऱ्याची लोकल आणि पुढे एसटी पकडून ज्यांनी सह्याद्री पालथा घातला, त्यांना तर हे मुळीच जड नाही. उत्तरं दक्षिण इंग्लंडपुरती, एका दिवसात जाऊन येता येईल अशा ठिकाणांची आहेत.

१. हीथ म्हणजे नेमकं काय? नुसतं गवताळ माळरान का?

नाही. वाळूमिश्रित, आम्लधर्मी, निकस जमिनीवर वाढणाऱ्या खुरट्या झुडपांचा हा प्रदेश. मुख्य झुडूप हीथर: जेमतेम गुडघ्याएवढं, बारीक जांभळ्या फुलांचं. त्याच्या जोडीला पिवळ्या फुलांचं काटेरी गोर्स, ब्रॅकन नावाचे उंच नेचे आणि मधूनच एखादा बर्च किंवा पाइन. हे सगळं आपोआप झालेलं वाटतं, पण ते माणसाने घडवलेलं आहे. कांस्ययुगापासून लोकांनी इथलं जंगल तोडलं, गुरं चारली, सरपण नेलं, आणि जमीन निकस होत गेली. आपल्याकडच्या गायरानासारखा तिचा वापर होता. चराई थांबली की बर्च आणि पाइन मुसंडी मारतात आणि हीथचं जंगल होतं. ब्रिटनमधल्या सखल भागातल्या हीथपैकी ८० टक्क्यांहून अधिक क्षेत्र १८०० नंतर नाहीसं झालं. जे उरलं आहे ते जपावं लागतं, म्हणून तिथे नियम जरा जास्त आहेत (प्रश्न १३ आणि २१).

२. गाडीशिवाय खरंच जमतं का, की निम्मा दिवस प्रवासातच जातो?

जमतं, आणि माझ्या मते गाडीपेक्षा चांगलं जमतं. गाडीने गेलात की जिथे गाडी ठेवली तिथेच परत यावं लागतं. ट्रेनने गेलात तर एका स्टेशनला उतरून दुसऱ्या स्टेशनला निघता येतं (तिकिटाचं प्रश्न १० मध्ये). इथल्या कित्येक स्टेशनांच्या दारातूनच पायवाट सुरू होते. एकच पथ्य: आधी परतीची गाडी बघायची, मग चालायचं अंतर ठरवायचं.

३. अगदी पहिल्यांदा जातोय. कुठून सुरुवात करू?

एपिंग फॉरेस्ट. सेंट्रल लाइनने लाउटनला उतरा, जंगलातून चालत एपिंगला या आणि तिथून ट्यूबने परत. साधारण ११ किलोमीटर. कंटाळा आला तर मध्ये थेडन बॉइस स्टेशन आहे. बीच आणि हॉर्नबीमची इथली झाडं विचित्र आकाराची दिसतात. पुरुषभर उंचीवर त्यांच्या फांद्या शतकानुशतकं तोडल्या जात, आणि तिथून नवे धुमारे फुटून खोडं थोराड, गाठाळ झाली. सरपणासाठी फांद्या तोडण्याचा हा गावकऱ्यांचा हक्क होता. एकोणिसाव्या शतकात जमीनदार जंगलाला कुंपणं घालू लागले, तेव्हा लाउटनच्या थॉमस विलिंगेल या मजुराच्या कुटुंबाने तो हक्क सोडला नाही, त्यापायी तुरुंगही सोसला. १८७८ च्या कायद्याने हे जंगल लोकांसाठी कायमचं राखलं गेलं. त्या झाडांखालून जाताना हे माहीत असावं.

अर्धाच दिवस हाताशी असेल तर विम्बल्डन कॉमनला जा. लंडन शहरात हीथ बघायची ती सर्वांत मोठी जागा.

४. खरा, जांभळा हीथ एका दिवसात बघायचाय. एकच ठिकाण सांगा.

हाइंडहेड. वॉटर्लूहून जलद गाडीने हॅझलमिअर तासाभरात येतं. गावातून ‘ग्रीनसँड वे’ ही खुणा लावलेली लांब पल्ल्याची वाट सुरू होते, तीच धरायची. झाडीतून आणि मग हीथरमधून तासा-दीड तासात तुम्ही ‘डेव्हिल्स पंच बोल’च्या काठावर पोचता. ही एक प्रचंड हिरवी घळ आहे. वरचा वालुकाश्म पाणी झिरपू देतो, खालची चिकणमाती देत नाही. त्या सांध्यावर झरे फुटतात आणि वरचा खडक आतून पोखरत नेतात. अशी ही घळ झाली.

काठावरची रुंद, सपाट वाट नीट बघा. २०११ पर्यंत तिथून लंडन ते पोर्ट्समथ महामार्ग जात होता, गाड्यांच्या रांगा लागत. त्या वर्षी जुलैमध्ये डोंगराखालून बोगदा सुरू झाला आणि जुना रस्ता उखडून पुन्हा हीथला देऊन टाकला. आज तिथे हीथर आहे, आणि गाड्या पायांखालून धावतात याची कल्पनाही येत नाही. रस्ता काढून रान परत आणलेलं मला इतक्या ठळकपणे दुसरीकडे कुठे दिसलेलं नाही. फक्त यासाठीसुद्धा हाइंडहेडला जावं.

पुढे गिबेट हिल, उंची २७२ मीटर. १७८६ मध्ये इथे एका खलाशाचा खून झाला, मारेकऱ्यांना याच टेकडीवर फाशी दिलं. त्या जागी १८५१ मध्ये उभारलेला ग्रॅनाइटचा क्रॉस अजून आहे. जाऊन-येऊन साधारण १२ किलोमीटर, चढ बेताचे.

५. न्यू फॉरेस्ट एका दिवसासाठी फार लांब नाही का?

वॉटर्लूहून ब्रॉकनहर्स्ट साधारण एक तास चाळीस मिनिटं. सकाळी लवकर निघालात तर आरामात होतं. माझी शिफारस मात्र एक स्टेशन आधीची: ब्यूली रोड. आजूबाजूला गाव असं नाहीच, उतरलात की समोर थेट हीथ. मोजक्याच गाड्या थांबतात, त्यामुळे वेळ बघून जा. तिथून हीथ आणि ओकच्या जंगलातून चालत ब्रॉकनहर्स्टला या. तिथे गाड्या भरपूर आहेत.

सखल जागी दलदल असते. हिरव्यागार शेवाळाचा गालिचा हिरवळीसारखा दिसतो, पण पाय ठेवला की गुडघाभर आत. पावसानंतर खडीच्या वाटा सोडू नका.

विल्यम राजाने शिकारीसाठी १०७९ च्या सुमारास राखलेलं हे रान २००५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं. आजही आसपासच्या रहिवाशांना इथे जनावरं चारायचे जुने हक्क आहेत. शरदात डुकरं मोकळी सोडतात, कारण पडलेली ओकची फळं घोड्यांना बाधतात आणि डुकरं ती आवडीने फस्त करतात.

६. ॲशडाउन फॉरेस्टला बसशिवाय जाता येईल का?

येईल. व्हिक्टोरियाहून ईस्ट ग्रिनस्टेडपर्यंत ट्रेन. तिथून टनब्रिज वेल्सकडे जाणारी २९१ नंबरची बस फॉरेस्ट रो आणि हार्टफील्डला थांबते. बस नको असेल तर ‘फॉरेस्ट वे’ने चाला. १९६७ मध्ये बंद पडलेल्या रेल्वेमार्गाची ही वाट सपाट आहे आणि फॉरेस्ट रो साधारण ५ किलोमीटरवर. मात्र त्यापुढे वर हीथपर्यंत चढून परत यायचं, म्हणजे दिवस मोठा होतो. पहिल्या खेपेला बसच बरी. नाव ‘फॉरेस्ट’ असलं तरी ॲशडाउनचा जवळपास दोन-तृतीयांश भाग उघडा हीथ आहे, वाऱ्याची तयारी ठेवा.

७. कोणत्या महिन्यात काय बघायला मिळतं?

जांभळ्या रंगासाठी ऑगस्टचा दुसरा पंधरवडा ते सप्टेंबरची सुरुवात. बेल हीथर जूनअखेरीसच फुलू लागतं, पण डोंगरच्या डोंगर जांभळे होतात ते ऑगस्टमध्ये. गोर्सची फुलं थोडीफार वर्षभर असतात. ऊन तापलं की त्यांना नारळाचा वास येतो. थांबून घ्याच.

ब्लूबेलची निळी रानफुलं एप्रिलअखेर ते मेच्या मध्यापर्यंत, जुन्या जंगलांच्या तळाशी. जगातल्या एकूण ब्लूबेलपैकी जवळपास निम्म्या ब्रिटनमध्ये आहेत. सर्वांत सोपी जागा वॉन्स्टेड पार्कचं शॅले वुड, ट्यूबने जाण्याजोगं. बीचची पानं तांबूस होतात ती ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या सुरुवातीला, तेव्हा एपिंग गाठा.

मेअखेर ते जुलै या काळात दिवस मावळताना हीथवर रातव्याचा आवाज ऐकू येतो, चरख्यासारखी अखंड घरघर. हे पक्षी आफ्रिकेतून इथे अंडी घालायला येतात. जूनमध्ये सूर्य सव्वानऊनंतर मावळतो, म्हणून शेवटची गाडी आधी बघून ठेवा.

८. तिकिटं फार महाग पडतात. काही उपाय?

तीन ते नऊ जण एकत्र जात असाल तर ‘ग्रुपसेव्ह’ मागा. गर्दीच्या वेळा टाळल्यात तर कोणतंही कार्ड न काढता एक-तृतीयांश सूट मिळते. मित्रमंडळींच्या घोळक्याला याहून चांगलं काही नाही, आणि नेमकं हेच कित्येकांना माहीत नसतं. दोघेच असाल आणि वारंवार जात असाल तर नेटवर्क रेलकार्ड घ्या. कार्डधारकासोबत आणखी तीन प्रौढांना एक-तृतीयांश आणि चार मुलांना ६० टक्के सूट मिळते. सोमवार ते शुक्रवार ते सकाळी १० नंतरच चालतं आणि किमान भाड्याची अट असते. शनिवार-रविवार कसलीच अडचण नाही. पाच वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही.

९. ट्यूबसारखं कॉन्टॅक्टलेस कार्ड टॅप करून गेलं तर?

एपिंग, विम्बल्डनला चालेल. हॅझलमिअर, ब्रॉकनहर्स्टसारख्या लांबच्या स्टेशनांसाठी तिकीटच काढा. लंडनमध्ये टॅप करून आत गेलात आणि जिथे कॉन्टॅक्टलेस चालत नाही तिथे उतरलात तर तुम्ही विनातिकीट ठरता. दंड १०० पौंड अधिक एकेरी भाडं. २१ दिवसांत भरल्यास १०० चे ५० होतात. शिवाय कॉन्टॅक्टलेसवर रेलकार्डाची सूट मिळत नाही.

१०. एका स्टेशनला उतरून दुसऱ्याहून परत यायचं. दोन एकेरी तिकिटं काढू का?

दोन्ही स्टेशनं एकाच मार्गावर असतील तर लांबच्या स्टेशनचं ऑफ-पीक रिटर्न काढा आणि जाताना अलीकडे उतरा. प्रश्न ५ मधल्या फेरीसाठी ब्रॉकनहर्स्टचं रिटर्न घेऊन ब्यूली रोडला उतरायचं. ऑफ-पीकवर मध्ये उतरणं सहसा चालतं, तरी तिकिटाच्या अटींत एकदा बघा. ‘ॲडव्हान्स’, म्हणजे ठरावीक गाडीसाठी आधी काढलेल्या तिकिटावर मात्र चालत नाही.

११. आम्हाला रविवारच मोकळा असतो. काही वेगळं बघावं लागेल का?

हो. रेल्वेची दुरुस्तीची कामं बहुधा रविवारी निघतात आणि ट्रेनऐवजी बस लावतात. आदल्या रात्री नॅशनल रेलच्या साइटवर खात्री करा. काही छोट्या स्टेशनांवर रविवारी गाडीच नसते. लीथ हिल या टेकडीसाठी सोयीचं होमवुड त्यातलंच, त्यामुळे रविवारी डॉर्किंगहून चाला. गावच्या बसही रविवारी तुरळक किंवा बंद असतात. २५ डिसेंबरला ट्रेन अजिबात नसते.

१२. वाट सरळ कुणाच्या तरी शेतातून जाते. हाकलून दिलं तर? व्हिसावर असलेल्यांना काही त्रास?

नकाशावर ती सार्वजनिक पायवाट असेल तर तिच्यावरून चालणं हा तुमचा कायदेशीर हक्क आहे. जमीन खासगी असली तरी वाट सगळ्यांची. तुमचा व्हिसा कोणता, नागरिकत्व कुठलं, याचा इथे काहीही संबंध नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये अशा वाटांचं जाळं सुमारे सव्वादोन लाख किलोमीटरचं आहे. पिवळा बाण म्हणजे पायी जाणाऱ्यांची वाट. निळा म्हणजे पायी, घोडा आणि सायकल तिन्हींसाठी. उभ्या पिकातून वाट जात असेल तर पिकातूनच जायचं. नांगरल्यावर ती वाट १४ दिवसांत पुन्हा नीट करून देणं शेतकऱ्यावर बंधनकारक आहे.

कुणी अडवलंच तर शांतपणे नकाशा दाखवा. तुम्ही खरोखर वाट चुकला असाल तर माफी मागून मागे फिरा. नुसतं चुकून कुणाच्या जमिनीत जाणं हा इथे सहसा फौजदारी गुन्हा नाही.

हा हक्क कुणी दान म्हणून दिलेला नाही. एप्रिल १९३२ मध्ये शेकडो तरुण कामगार डर्बीशरमधल्या किंडर स्काउटच्या बंद माळावर मुद्दाम चढून गेले, त्यांतल्या काहींनी तुरुंगवास भोगला. त्यानंतर १९४९ चा आणि २००० चा कायदा आला. (लंडनचं महाराष्ट्र मंडळही १९३२ चंच.) तेव्हा बिचकत, कडेकडेने चालू नका.

१३. हीथवर वाट सोडून कुठेही फिरता येतं का?

२००० च्या कायद्याने नोंदलेल्या खुल्या जमिनीवर, म्हणजे बहुतेक हीथ आणि कॉमनवर (जुन्या सामायिक चराऊ रानांवर), येतं. पण मार्च ते जुलै वाटेवरच राहा असं मी आग्रहाने सांगेन. रातवा, चंडोलाच्या कुळातला वुडलार्क हे पक्षी जमिनीवरच घरटी करतात. अंडी अशी बेमालूम असतात की पाय पडेपर्यंत दिसत नाहीत. १ मार्च ते ३१ जुलै या काळात अशा जमिनीवर कुत्रा आखूड पट्ट्यातच ठेवणं कायद्याने सक्तीचं आहे.

मोठा अपवाद लष्करी जमिनींचा. लंडनच्या नैऋत्येला लागून असलेल्या सरी परगण्यातले कित्येक हीथ सैन्याच्या ताब्यात आहेत. ॲश रेंजेससारख्या ठिकाणी लाल झेंडा दिसला की गोळीबार चालू आहे असं समजायचं आणि आत जायचं नाही.

१४. फोनवरचा नेहमीचा नकाशा पुरतो का?

पुरत नाही. त्यात सार्वजनिक वाट कोणती आणि खासगी कोणती हे कळत नाही. ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा संस्थेचा नारंगी मुखपृष्ठाचा १:२५,००० ‘एक्सप्लोरर’ नकाशा घ्या: न्यू फॉरेस्टसाठी ओएल २२, हाइंडहेडसाठी ओएल ३३, ॲशडाउनसाठी १३५, एपिंगसाठी १७४. कागदी नकाशासोबत फोनवर उतरवायचा कोड मिळतो. हिरव्या तुटक रेषा म्हणजे हक्काच्या वाटा. काळ्या तुटक रेषा दिसल्या तर तिथे वाट आहे एवढंच कळतं, हक्क असेलच असं नाही. घळींमध्ये सिग्नल जातो, नकाशा आधीच उतरवून ठेवा.

१५. ट्रेकिंगचे बूट घ्यायलाच हवेत का?

मे ते सप्टेंबर चांगले स्पोर्ट्स शूज चालतात, हीथची वाळू लवकर कोरडी होते. जंगलात मात्र नोव्हेंबर ते मार्च घोट्यापर्यंत चिखल असतो, तेव्हा बूट हवेतच. पावसाळी जॅकेट बाराही महिने.

१६. गोचीड चावली तर काय करायचं?

हा प्रश्न सापापेक्षा जास्त महत्त्वाचा. ब्रॅकन आणि उंच गवतात गोचिडी असतात, त्यांतल्या थोड्यांमुळे ‘लाइम’ हा आजार होतो. लांब पँट घाला, तिची टोकं मोज्यांत खोचा. घरी आल्यावर गुडघ्यांमागे, जांघेत, काखेत आणि मुलांच्या केसांच्या कडेने तपासा. सापडली तर बारीक चिमट्याने त्वचेला अगदी लागून पकडा आणि हळू सरळ वर ओढा. तेल, हळद, चटका यातलं काही नको.

पुढचे काही आठवडे लक्ष ठेवा. चाव्याभोवती पसरत जाणारं वर्तुळ दिसलं किंवा तापासारखं वाटलं तर डॉक्टरकडे जा. प्रतिजैविकांनी बरं होतं. आपल्या सावळ्या त्वचेवर ते वर्तुळ फिकट दिसतं, सहज नजरेतून सुटतं. दरम्यान भारतात परतला असाल तर तिथल्या डॉक्टरांना इंग्लंडमध्ये गोचीड चावल्याचं आवर्जून सांगा, नाहीतर त्यांच्या मनात हा आजार येणार नाही.

१७. साप असतात का?

ॲडर असतो. ब्रिटनमधला हा एकमेव विषारी साप घोणस आणि फुरशाच्या कुळातला आहे, पाठीवर नागमोडी पट्टा. तो लाजाळू आहे, चाहूल लागताच निघून जातो. त्याच्या दंशाने ब्रिटनमध्ये शेवटचा मृत्यू १९७५ मध्ये झाला. चावलाच तर अवयव हलवू नका, आवळून बांधू नका, ९९९ या आपत्कालीन क्रमांकाला फोन करा.

१८. वाटेत गायी किंवा घोडे आडवे आले तर?

गाय आणि वासरू यांच्यामधून कधीही जाऊ नका, लांबून वळसा घाला. सोबतच्या कुत्र्यावर गायी धावून आल्या तर पट्टा सोडून द्या, कुत्रा पळून वाचतो. फाटक जसं दिसलं तसंच ठेवायचं, उघडं तर उघडं, बंद तर बंद. न्यू फॉरेस्टच्या घोड्यांना खायला देऊ नका, हातही लावू नका. २०२३ पासून त्यासाठी दंड आहे. ते मोकळे फिरतात, पण प्रत्येकाला मालक आहे.

१९. आई-बाबा आलेत, गुडघे दुखतात. बाबागाडीही आहे. कुठे नेऊ?

हाइंडहेडच. हॅझलमिअर स्टेशनहून बसने थेट वर जा. प्रश्न ४ मधली जुन्या महामार्गाची वाट रुंद आणि जवळपास सपाट आहे, सुरुवातीलाच नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेचा कॅफे आणि स्वच्छतागृह आहे. साडी आणि स्पोर्ट्स शूज घालून आरामात चालता येतं. वय ६० च्या पुढे असेल तर पाहुण्यांनाही पासपोर्ट दाखवून सीनियर रेलकार्ड काढता येतं. महिना-दोन महिने राहणार असतील तर ते सहज वसूल होतं.

२०. जेवणाचं आणि शौचालयाचं काय?

डबा न्या. पोळी-भाजी, धपाटे, दशम्या, जे टिकेल ते. गावातल्या पबमध्ये दुपारी अडीचच्या सुमारास स्वयंपाकघर बंद होतं, आणि रविवारी आधी जागा राखावी लागते. चिखलाचे बूट दारात काढले की कुणी काही म्हणत नाही. शौचालयं वाटेत नसतात, स्टेशनवरच किंवा गावात उरकून घ्या.

२१. छोटी चूल पेटवून चहा, भुट्टे? आणि तंबू?

आग अजिबात नको, एकदाच वापरायची बार्बेक्यूची थाळीसुद्धा नको. कोरडं हीथर आणि गोर्स क्षणात पेट घेतं. सरीमधल्या थर्स्ली कॉमनला मे २०२० मध्ये लागलेल्या आगीत सुमारे १५० हेक्टर रान जळालं, घरट्यांच्या ऐन मोसमात. चहा थर्मासमध्ये न्या.

जमीनमालकाच्या परवानगीशिवाय तंबू ठोकता येत नाही. इंग्लंडमध्ये याला अपवाद नैऋत्येकडच्या डार्टमूर या माळरानाचा. तिथला हक्क सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये कायम ठेवला.

२२. ब्लॅकबेरी, मशरूम, फुलं तोडली तर चालतं का?

रानटी ब्लॅकबेरी घरी खाण्यापुरत्या तोडायला हरकत नाही. मशरूमचं तसं नाही: एपिंग फॉरेस्टमध्ये पूर्ण बंदी आहे, आणि नीट ओळख नसेल तर इतरत्रही हात लावू नका. जीवघेण्या जाती याच जंगलांत उगवतात. मालकाच्या परवानगीशिवाय कोणतंही रोप मुळासकट उपटणं १९८१ च्या कायद्याने गुन्हा आहे. ब्लूबेल तोडूही नका, फोटोसाठी त्यांच्यात शिरूही नका. तुडवलेला ताटवा सावरायला कित्येक वर्षं लागतात.

२३. एकटीने गेलं तर चालेल का? आपली माणसं तिथे फारशी दिसत नाहीत.

बऱ्याच जणी जातात. सुरुवात शनिवारी, वर्दळीच्या वाटेवर करा, घरी मार्ग आणि परतीची गाडी सांगून ठेवा. वाटेत भेटणारे बहुतेक लोक ‘हॅलो’ म्हणतात, आपणही म्हणावं. सोबत हवी असेल तर १९३५ पासून चालत आलेल्या ‘रॅम्बलर्स’ संघटनेचे स्थानिक गट आहेत. सदस्य होण्याआधी पाहुणे म्हणून चालून बघता येतं. आपली माणसं कमी दिसतात हे खरं आहे, आणि ती दिसू लागावीत म्हणूनच ही उत्तरं इतकी सविस्तर दिली आहेत.

२४. उशीर झाला, अंधार पडला, शेवटची बस गेली. आता?

डिसेंबरात लंडनजवळ सूर्य चारच्या आधी मावळतो आणि जंगलात त्याच्याही आधी अंधारतं. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ तासभर मागे जातं, त्या आठवड्यात हमखास लोक फसतात. हिवाळ्यात दुपारी अडीचपर्यंत शेवटच्या टप्प्यात असायला हवं. पिशवीत डोक्याला लावायची बॅटरी आणि स्टेशनजवळच्या टॅक्सीचा नंबर कायम ठेवा.

बस चुकली तर मोठ्या रस्त्याच्या कडेने चालू नका. गावच्या रस्त्यांना फुटपाथ नसतो आणि गाड्या वेगात येतात. जवळच्या पबमध्ये जा आणि तिथून टॅक्सी बोलवा. कुणाला दुखापत झाली असेल तर ९९९ ला फोन करून नकाशावरचा ग्रिड क्रमांक सांगा, तो ऑर्डनन्स सर्व्हेच्या ॲपमध्ये दिसतो. तुमच्या फोनला सिग्नल नसला तरी दुसऱ्या कंपनीचा मिळाला तर ९९९ लागतो. मेसेजने मदत मागायची सोयही आहे, पण त्यासाठी ‘रजिस्टर’ हा इंग्रजी शब्द ९९९ ला पाठवून आधी नोंदणी करावी लागते. ती घरातून निघण्यापूर्वीच करा.